दंडाचा आदेश तहसीलदारांचा, मग अपील नक्की कुणाकडं? महसुलातली उतरंड कुणीतरी समजावून सांगा

बांधावरचा
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमचं रान डोंगराच्या पायथ्याला. मागल्या उन्हाळ्यात शेततळं खांदलं, निघालेला मुरूम आपल्याच गटातल्या रस्त्यावर टाकला, थोडा विहिरीच्या कडंनं आणि दोन-चार खेपा भावकीतल्या एकाच्या खळ्यात गेल्या, हे आधीच सांगून टाकतो कारण पंचनाम्यात ते आलंच आहे. कुणीतरी अर्ज केला. भाऊसाहेब (आमचे तलाठी) आले, सर्कल आले, टेप लावून मापं घेतली, इतके ब्रास म्हणून लिहिलं, नोटीस आली, आम्ही खुलासा दिला, आणि आता तहसीलदार साहेबांचा आदेश हातात पडलाय. बाजारभावाच्या पाचपट दंड अधिक स्वामित्वधन (रॉयल्टी), नाही भरलं तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करणार, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढवायला भाऊसाहेबांना पत्र.

गावात विचारलं तर एक म्हणतो तालुक्याला कशाला जातोस, डायरेक्ट कलेक्टरला भेट. दुसरा म्हणतो लोकशाही दिनात अर्ज टाक. तिसऱ्याची मंत्रालयात ओळख आहे म्हणे. चौथा म्हणतो दिवाणी कोर्टातनं मनाई हुकूम आण, महसूलवाले गप बसतील. मला एवढंच कळत नाही की तहसीलदाराच्या वर नक्की कोण, त्याच्या वर कोण, आणि यातल्या कुणाकडं आधी जायचं. शेतसारा आयुष्यभर वेळेवर भरलाय हो, एक पावती चुकलेली नाही.

चहाटळ
पाचवा सल्ला माझा. मुरूम गोळा करून परत तळ्यात भरा आणि तळं ई-पीक पाहणीत पीक म्हणून लावा.

माजी अव्वल कारकून
चहाटळ, बास. माणसाच्या डोक्यावर दंड आहे.

बांधावरचा, आधी आदेशाचं पहिलं पान काढा. वरती 'वाचले' म्हणून यादी असते, त्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आणि कलमाचा नंबर असेल. तुमच्या केसमध्ये ४८ (७) असणार, गौण खनिजाचा म्हणजे मुरूम, माती, वाळू असल्याचा दंड त्याच कलमाखाली होतो, आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. 'पर्यंत' लक्षात ठेवा, पाचपट लावलीच पाहिजे असं कुठं नाही. मग शेवटच्या पानावर सही कुणाची ते बघा, तहसीलदार की नायब तहसीलदार. या दोन गोष्टी कळल्या की पुढचा रस्ता आपोआप ठरतो, ओळखीनं ठरत नाही.

आता साखळी. तलाठी (२०२४ पासून नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय), त्यांच्या वर मंडळ अधिकारी म्हणजे तुमचे सर्कल, मग नायब तहसीलदार, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत, मग अपर जिल्हाधिकारी आणि जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त आणि त्यांच्याकडचे अपर आयुक्त, आणि सगळ्यात वर शासन, म्हणजे प्रत्यक्षात महसूल मंत्री किंवा राज्यमंत्री. आयुक्त सहा आहेत राज्यात, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. पण ही झाली नोकरीतली साखळी. अपिलाची साखळी हिच्यावरच बसवलेली असली तरी तिला स्वतःचे नियम आहेत आणि लोक इथंच गोंधळतात. नायब तहसीलदारानं आदेश केला म्हणून अपील तहसीलदाराकडं जात नाही. उपविभागात प्रांताच्या हाताखाली जेवढे अधिकारी आहेत त्या सगळ्यांच्या आदेशावर पहिलं अपील प्रांताकडंच. कलम २४७ आणि त्याला जोडलेली अनुसूची ई, तिथं कोष्टकच दिलंय. प्रांताच्या आदेशावर अपील जिल्हाधिकाऱ्याकडं, रोजच्या कामात ते अपर जिल्हाधिकारी ऐकतात. जिल्हाधिकाऱ्यानं स्वतः पहिला आदेश केला असेल तर आयुक्त.

म्हणजे तुमचं पहिलं अपील प्रांत, दुसरं अपर जिल्हाधिकारी. त्यानंतर अपील संपलं. पुढं जायचं तर कलम २५७ खाली पुनरीक्षण, म्हणजे आपण रिव्हिजन म्हणतो ते, आधी अपर आयुक्तांकडं आणि मग मंत्र्यांकडं. तुमच्या गावच्या तिसऱ्या माणसाची ओळख कामाला येईल तेव्हा तुमचा मुलगा कारभार बघत असेल.

लोकशाही दिनाचं म्हणाल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला असतो, चांगली सोय आहे, पण जिथं अपिलाची तरतूद आहे किंवा प्रकरण चालू आहे तिथला अर्ज तिथं घेत नाहीत. टपालात पोच मिळेल, बाकी काही मिळणार नाही, आणि तोवर मुदत निघून जाईल.

बांधावरचा
मुदत किती असते?

माजी अव्वल कारकून
जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असला तर ६० दिवस. जिल्हाधिकाऱ्याचा किंवा त्याच्या वरचा असला तर ९०. दिवस मोजायचे आदेश तुमच्या हातात पडला त्या तारखेपासून, आदेशावरच्या तारखेपासून नाही. म्हणून ज्या पाकिटातनं आला ते पाकीट जपून ठेवा, चावडीत सही करून घेतला असेल तर त्या सहीखालची तारीख मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले तेवढे वजा होतात. अपिलाला प्रमाणित नक्कल जोडावी लागते, झेरॉक्स चालत नाही, तेव्हा नकलेचा अर्ज आजच टाका, कोर्ट फी स्टँप लावून, आणि अर्जावर आवक नंबर पाडून घ्या.

काळाकोट
वरचं बरोबर आहे, मी वकिलाच्या नजरेनं थोडं जोडतो.

एक, अपील दाखल केलं म्हणजे वसुली थांबत नाही. हे शंभरातल्या नव्वद अशिलांना माहीत नसतं, ते अपिलाची पोच घेऊन घरी जातात आणि महिन्याभरानं मागणीची नोटीस आली की फोन करतात. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, कलम २५६. आणि त्याच कलमात एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात, ज्यानं आदेश केला तोच अधिकारी अपिलाची मुदत संपेपर्यंत स्वतःच्या आदेशाला स्थगिती देऊ शकतो, फक्त अपील अजून दाखल झालेलं नसलं पाहिजे. म्हणजे तुम्ही आज तहसीलदारांकडं जाऊन 'मला अपील करायचंय, तोवर वसुली थांबवा' असा लेखी अर्ज देऊ शकता. देतील का हा वेगळा प्रश्न. पण अर्ज रेकॉर्डवर राहतो, प्रांतांसमोर उपयोगी पडतो.

दोन, दिवाणी कोर्ट. १८७६ चा मुंबई महसूल अधिकारितेचा कायदा आहे, ब्रिटिशांच्या वेळचा. जमीन महसुलाची रक्कम किती आणि ती कुणावर बसवायची यात दिवाणी कोर्टाला पडता येत नाही, आणि ज्या आदेशावर महसूल अधिकाऱ्यांकडे अपिलाची सोय आहे तिथं ती सोय वापरून संपवल्याशिवाय सरकारविरुद्धचा दावा ऐकायचा नाही. त्यामुळे चौथ्या माणसाचा सल्ला ऐकून फी भराल आणि सरकारी वकील पहिल्याच तारखेला अधिकारितेचा मुद्दा काढेल.

तीन, मेरिट. तुमच्याकडे मुद्दा आहे. मुरूम खोदला म्हणजे लगेच रॉयल्टी, असं सरसकट नाही. पुण्याच्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या केसमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच बघितलं, पाया खोदताना निघालेली माती त्याच जागेत भरायला वापरली तर काय. कोर्ट म्हणालं की माती पुढं कशासाठी वापरली ते तपासल्याशिवाय दंड लावता येत नाही. तुमच्या बाबतीत स्वतःच्या गटात वापरलेला मुरूम वेगळा, भावकीच्या खळ्यात गेलेला वेगळा. आदेशात सगळे ब्रास एकत्र धरून पाचपट केलंय का ते बघा. केलं असेल तर तो तुमचा पहिला मुद्दा.

गट नंबर
माजी अव्वल कारकून काका, ट्रॅक्टर पण धरला असता तर? आमच्या गावात एकाचा धरलाय, तो तहसीलच्या आवारात गंजत उभाय.

माजी अव्वल कारकून
वाहन सोडायचा आदेश निराळा असतो, ४८ (८). धरायचं काम तहसीलदार पातळीवर होतं पण सोडवायला बंधपत्र घेऊन जायचं ते जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, उपजिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नाही, त्याच्याकडं. म्हणजे एकाच खेपेवर दोन आदेश होतात, दोघांची सही वेगळी आणि दोघांवरचं अपीलही वेगळ्या टेबलावर. लोक एका अपिलात दोन्ही घालतात आणि मग 'अधिकारिता नाही' म्हणून अर्धं अपील फेटाळलं जातं.

दूरदेशी
धागा हायजॅक करत नाही पण माझाही प्रश्न याच उतरंडीचा आहे. मी कॅनडात असतो. बाबा गेले, मोठ्या भावानं मृत्युपत्र दाखवून फेरफार टाकला आणि तो मंजूर पण झाला. मला नोटीस गावच्या पत्त्यावर काढली होती, तिथं कोणी राहत नाही. मला कळलं ते ऑनलाइन सातबारा पाहिला तेव्हा, म्हणजे जवळजवळ वर्षानं. तलाठ्याला ईमेल केला तर उत्तर नाही. आता तहसीलदारांकडे तक्रार करू की कलेक्टरना लिहू?

माजी अव्वल कारकून
दोघांनाही नाही. नोंद मंजूर झाली म्हणजे प्रमाणित करणाऱ्याचा, बहुतेक मंडळ अधिकाऱ्याचा, तो आदेश झाला. त्यावर अपील प्रांताकडं. कचेरीत याला आरटीएस अपील म्हणतात, नकलेच्या खिडकीवर तेच सांगा, लगेच कळेल.

हरकत वेळेत आली असती तर गोष्ट वेगळी होती. फेरफाराची नोटीस निघाली की १५ दिवस असतात, त्यात लेखी हरकत दिली की नोंद गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते, आणि मग अव्वल कारकुनाच्या खाली नाही अशा अधिकाऱ्यानं दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा असतो, शक्यतो वर्षाच्या आत. शक्यतो या शब्दावर सगळं महसूल खातं उभं आहे. असो. तुमची ती पायरी गेली.

आता विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत, कलम २५१. नोटीस प्रत्यक्षात मिळाली नाही, राहता पत्ता भावाला माहीत होता, ही सगळी कागदं जोडा. पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, भावाशी झालेले मेसेज. आणि एक बारीक गोष्ट, प्रांतानं विलंब माफ केला तर त्या आदेशावर भावाला अपील करता येत नाही, कलम २५२. नाकारला तर मात्र तुम्हाला वर जाता येतं.

पुढच्या वेळेला 'आपली चावडी' हे महसूल खात्याचं संकेतस्थळ उघडून गावाचं नाव टाकून बघत जा, चालू फेरफार तिथं दिसतात.

काळाकोट
दूरदेशी, इथं मी काकांच्या पुढं जाऊन थोडं स्पष्ट बोलतो. तुमचं खरं भांडण मृत्युपत्राचं आहे आणि मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवायचा अधिकार या उतरंडीतल्या कुणालाच नाही, अगदी मंत्र्यालाही नाही. फेरफारानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तो महसूल कुणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता कागद. जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, सुप्रीम कोर्ट, २०२१, अगदी मृत्युपत्रावरच्याच फेरफाराची केस आहे, कोर्टानं सांगितलं की वाद असेल तर सक्षम दिवाणी कोर्टात जाऊन हक्क ठरवून घ्या आणि मग नोंद करा. तुम्ही तीन पायऱ्या चढून आयुक्तांपर्यंत जिंकलात तरी भाऊ दिवाणी कोर्टात जाऊन सगळं शून्यावर आणू शकतो. मी असतो तर प्रांतांकडं अपील टाकून ठेवलं असतं, नोंद एकतर्फी पक्की व्हायला नको म्हणून, आणि खरी ताकद वाटपाच्या दाव्यात लावली असती.

माजी अव्वल कारकून
काळाकोट, कायद्यानं तुम्ही म्हणता ते सोळा आणे. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला दाव्याचा निकाल लागेस्तोवर काय भोगावं लागतं ते मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय. पीककर्ज नाही, अनुदान नाही, विमा नाही, भूसंपादनाची नोटीस दुसऱ्याच्या नावानं. आणि ज्याचं नाव आहे तो मधल्या काळात विकून मोकळा होतो. कलम १५७ आहे ना, नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. तेवढ्यावर भाऊ दहा वर्षं काढेल. म्हणून म्हणतो, प्रांताकडचं अपील 'टाकून ठेवायचं' नाही, लढायचं.

काळाकोट
मान्य, पण मग दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोंद पण करा. विकून मोकळा होण्याला तेच उत्तर आहे, प्रांत विक्री थांबवू शकत नाहीत.

विदर्भवासी
आमच्या इकडे प्रांत म्हटलं तर कोणाले समजत नाही, एसडीओ म्हणतात, आणि पटवारी अजून पटवारीच आहे. माझा प्रश्न साधा आहे, आमच्या तालुक्यात पैसेवारी (पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत आली, शेतसाऱ्यात सूट जाहीर झाली, तरी पटवारी म्हणते भरा. अपील करू का याच्यावर?

माजी अव्वल कारकून
अपील कशावर करणार, आदेशच नाही झाला तर. अपिलाला लेखी आदेश लागतो. तुम्ही तहसीलदारांना अर्ज द्या, पैसेवारीची अंतिम यादी आणि शासनाचा सवलतीचा निर्णय जोडून, आणि गाव नमुना ८-ब मधली तुमच्या खात्याची मागणी मागून घ्या. तिथं सूट वजा दाखवलीय का बघा. बहुतेक वेळा सूट फक्त मूळ जमीन महसुलाला असते आणि जिल्हा परिषदेचा नि ग्रामपंचायतीचा उपकर तसाच मागतात, आणि उपकर मूळ आकाराच्या कैक पट असतो, म्हणून शेतकऱ्याला वाटतं सूट मिळालीच नाही. तहसीलदारांनी अर्ज लेखी फेटाळला की मग तो आदेश, मग एसडीओ.

तसंही नुसत्या शेतसाऱ्यासाठी वरपर्यंत गेलेलं प्रकरण मी नोकरीत बघितल्याचं आठवत नाही. आकारच मुळात काही रुपयांत, तोही कैक दशकांपूर्वीच्या जमाबंदीचा. महसुलाची भांडणं होतात ती अकृषिक आकारणीवर, विनापरवाना अकृषिक वापराच्या दंडावर (तो ४० पटीपर्यंत जातो), गौण खनिजावर, वर्ग दोनच्या जमिनीच्या नजराण्यावर. पण म्हणून शेतसारा थकवू नका कुणी. राज्यात आकारीपड जमिनी म्हणून प्रकार आहे, आज्या-पणज्यानं सारा भरला नाही म्हणून सरकारजमा झालेल्या. डिसेंबर २०२४ च्या अधिवेशनात कलम २२० बदलल्यावर त्या ठरावीक रक्कम भरून वारसांना परत मिळायची वाट झाली. दोन रुपयांच्या साऱ्यापायी तीन पिढ्या.

चहाटळ
म्हणजे सारा भरला तर पावती आणि नाही भरला तर नातवाला स्कीम.

गट नंबर
आमचा बांधाचा वाद आहे. मोजणी आणली, शेजाऱ्याला पटली नाही. तहसीलदारांकडं गेलो तर म्हणतात आमच्याकडं नाही. मग कुणाकडं, तेही सांगत नाहीत.

माजी अव्वल कारकून
कारण ते खरंच त्यांच्याकडं नाही. भूमी अभिलेखची साखळी स्वतंत्र आहे. तालुक्याला उपअधीक्षक, जिल्ह्याला जिल्हा अधीक्षक, विभागाला उपसंचालक, आणि पुण्यात जमाबंदी आयुक्त. साध्या मोजणीवर हरकत असेल तर निमताना मोजणीचा म्हणजे फेरमोजणीचा अर्ज, ती उपअधीक्षक स्वतः करतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना, ती जिल्हा अधीक्षकांची. तहसीलदार, प्रांत या सगळ्यात कुठंच येत नाहीत. हां, शेजाऱ्यानं रस्ताच अडवला असेल तर मात्र तहसीलदार, मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली. आणि रस्ताच नाही, नवा हवाय बांधावरनं, तर संहितेचं कलम १४३, तेही तहसीलदारच. अर्ज लिहिताना या दोन्हीत घोळ करू नका, एकात आधी रस्ता होता हे दाखवायचं असतं आणि दुसऱ्यात नव्हता हे.

काळाकोट
आणि कुळकायद्याचा वाद असेल तर तिसरीच वाट. तिथं तहसीलदार शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसतात, अपील प्रांतांकडं, पण तिथून कलेक्टर-आयुक्त नाही, थेट महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण. माणूस तोच, खुर्ची तीच, दालनही तेच, पण कुठल्या कायद्याखाली सही केली त्यावर पुढचा दरवाजा ठरतो. माझ्याकडे एक पक्षकार आले होते, कुळकायद्याच्या निकालावर अपर जिल्हाधिकाऱ्यांकडं दोन वर्षं तारखा घेऊन. शेवटी 'योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागावी' एवढी एक ओळ मिळाली.

सीमाभागातला
आमच्याकडं बेळगाव बाजूला बरं आहे म्हणायचं मग. कर्नाटकचा १९६४ चा कायदा. फेरफाराच्या वादावर तहसीलदारांच्या हुकमावर अपील एसीकडं म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं, त्यावर रिव्हिजन डीसीकडं म्हणजे डेप्युटी कमिशनरकडं, मग थेट हायकोर्ट. मंत्र्यापर्यंत जायची भानगड नाही. पण कागद सगळे कन्नडमधनं, त्याला काय करणार.

काळाकोट
आपल्याकडंही मंत्र्यानंतर हायकोर्टच, राज्यघटनेच्या कलम २२७ खाली रिट. काही जण विचारतात मधल्या पायऱ्या गाळून थेट रिट का नको. नोटीसच दिली नाही, म्हणणंच ऐकलं नाही, किंवा ज्याला अधिकारच नाही त्यानं आदेश केला, असं असेल तर हायकोर्ट ऐकू शकतं. बाकीच्यांना 'आधी अपील करा' म्हणून परत पाठवतात. बांधावरचा, तुम्हाला नोटीस आली होती, खुलासा दिला होता, तुम्ही त्यात बसत नाही.

विदर्भवासी
एकाच साहेबाले पुन्हा विचार करा म्हणता येते का? आमच्या तहसीलमधले साहेब बदलले, नवे चांगले आहेत म्हणतात.

माजी अव्वल कारकून
पुनर्विलोकन, कलम २५८. येतं, पण जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला आपलाच किंवा आधीच्या साहेबाचा आदेश उघडायचा असेल तर आधी लगतच्या वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. नवे साहेब चांगले असोत नाहीतर वाईट, जुन्या साहेबाचा आदेश त्यांना मनानं फिरवता येत नाही. काही ठिकाणी हेच काम कलम १५५ खाली 'लेखन प्रमाद' म्हणून करून टाकतात. १५५ हे नाव चुकलं, क्षेत्रात आकडा उलटा पडला, एवढ्यासाठी आहे. त्याच्याखाली एखाद्याचा हक्क उडवला असेल तर प्रांताकडं तेवढा एकच मुद्दा पुरतो.

बांधावरचा
मंडळी, सगळ्यांचे आभार, दोन-चार आठवडे गायब होतो त्याबद्दल. काय झालं ते सांगतो. नक्कल काढली. आदेशात खरंच सगळे ब्रास एकत्र धरून पाचपट केलंय, शेततळ्याच्या मंजुरीचा उल्लेख सुद्धा नाही, खुलाशाबद्दल एकच ओळ, 'खुलासा समाधानकारक नाही'. तालुक्याच्या वकिलांना हा धागा दाखवला, ते हसले, पण मुद्दे तेच घेतले. आधी तहसीलदारांकडं स्थगितीचा अर्ज दिला होता, त्यावर काही झालं नाही, आवक नंबर मात्र आहे. मग प्रांतांकडं अपील आणि स्थगितीचा अर्ज, दोन्ही. पहिल्या तारखेला प्रांत साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या तारखेला पाच मिनिटं ऐकलं आणि वसुलीला पुढच्या सुनावणीपर्यंत जैसे थे असा हुकूम झाला. प्रकरण ऑनलाइनही दिसतंय, तारीख तिथं कळते, फोन करावा लागत नाही.

आता अडचण बोजाची. सोसायटीचा सचिव म्हणतो सातबाऱ्यावर शासनाचा बोजा दिसतोय, कर्ज नवं-जुनं करता येणार नाही. मी स्थगितीचा हुकूम दाखवला तर म्हणतो यात वसुली लिहिलंय, बोजा लिहिलेला नाही.

माजी अव्वल कारकून
सचिव बरोबर बोलतोय. स्थगितीनं वसुली थांबते, आधी चढलेली नोंद उतरत नाही. ती उतरायची तर निकालच यावा लागतो. पण मधला मार्ग आहे. पुढच्या तारखेला वकिलांना सांगून छोटा अर्ज द्या की स्थगितीचा अंमल इतर हक्कातल्या नोंदीवरही दाखवावा, म्हणजे बोजाच्या खाली 'अपील प्रलंबित, वसुलीस स्थगिती' आणि अपिलाचा नंबर अशी नोंद तलाठ्यानं घ्यावी. हुकूम मिळाला की त्याची नक्कल घेऊन स्वतः चावडीत द्या, कचेरीतनं पत्र निघेल म्हणून वाट बघू नका. आणि बोजाची नोंदसुद्धा फेरफारानंच चढलीय, त्या फेरफाराचा नंबर अपिलात घातलाय का? नसेल तर दुरुस्ती अर्ज आत्ताच, नाहीतर उद्या दंड रद्द झाला तरी ती नोंद काढायला परत वेगळं अपील सांगतील.

बांधावरचा
नाही घातलेला. उद्याच वकिलांना गाठतो.

गट नंबर
काका, निमतान्याची फी किती भरावी लागते?

माजी अव्वल कारकून
मोजणीच्या फीचे दर मध्ये बदललेत, उपअधीक्षकांच्या कचेरीत चलन काढतानाच कळेल. क्षेत्रावर आणि नियमित की द्रुतगती यावर असते. त्यासाठी वेगळा धागा काढा, मूळ मोजणीचा नकाशा नावं झाकून टाका, बघतो.